पवनी ते आंभोरा : सहा जणींची सहल



भंडारा जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला पितळेची भांडी आठवतात, नाहीतर तांदूळ. आपल्या समाजाला मात्र आधी दोन दुखऱ्या गोष्टी आठवतात. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत परमपूज्य बाबासाहेब भंडाऱ्यातून राखीव जागेवर उभे राहिले आणि काँग्रेसच्या उमेदवाराकडून हरले, ही एक. घटना लिहिणाऱ्या माणसाला आपल्या जिल्ह्याने परत पाठवले, ही सल जुन्या माणसांनी मरेपर्यंत काढली नाही. दुसरी २००६ ची खैरलांजी. तिच्याविषयी पुढे लिहिणारच आहोत.

पण याच जिल्ह्यात पवनी आहे, हे आपल्याच लेकरांना सांगावे लागते. म्हणून आमच्या विहारातल्या सहा जणींनी ठरवले की जानेवारीतल्या एका रविवारी पवनी बघायची, रुयाडचा महास्तूप बघायचा, गोसेखुर्दचे धरण बघायचे आणि संध्याकाळी आंभोऱ्याला जाऊन बोटीत बसायचे. बोटीत बसायचे हे कलम सर्वात शेवटी लिहिले होते, पण सगळ्यांचा जीव त्यातच होता.

सहा जणी म्हणजे दोघी कारकून, एक निवृत्त शिक्षिका, एक शिवणकाम करणारी, एक अंगणवाडी सेविका आणि एक मावशी. मावशीने चाळीस वर्षे विड्या वळल्या. तेंदूपत्ता कापून कापून तिच्या बोटांची टोके चपटी झाली आहेत. दीक्षाभूमी सोडली तर ती स्वतःच्या खुशीने कुठे गेली नव्हती. सहलीची वर्गणी तिने चार हप्त्यांत दिली. हिशेब आमच्याकडे होता, बी.कॉम. झाल्याचा विहाराला तेवढाच उपयोग, त्यामुळे ते हप्ते आमच्या वहीत तारखेनिशी आहेत.

अंगणवाडीताई यायला तयार नव्हती. डिसेंबरात तिची आई गेली होती. "माह्यं मन नाही लागत, तुमीच जा," असे ती दोनदा म्हणाली. आम्ही ऐकले नाही. घरात बसून काय करशील, चार जणींत मन रमेल, असे म्हणून तिच्या घरी जाऊन तिला राजी केले. तिचे माहेर वैनगंगेच्या काठचे आणि ते धरणात गेले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. माहीत होते म्हणजे कधीतरी ऐकले होते. धरण बघायला आणि बॅकवॉटरमध्ये बोट चालवायला आपण तिला नेतो आहोत, हे सहापैकी एकीच्याही डोक्यात आले नाही. शिक्षिकाबाई पुढे गाडीत म्हणाल्या, "मी तीस वर्षं भूगोल शिकवला बाई, पण हा नकाशा माझ्या डोक्यात आला नाही."

सकाळी सहाला भंडारा सोडले. पहेला, अड्याळ करीत पवनीला पोचलो तेव्हा ऊन नुकते कोवळे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या कापून झालेल्या बांध्या, त्यांत पेरलेली लाखोरी, आणि बांधावर निवांत बगळे. गाडीत गाणी सुरू होती. मावशी टाळ्या वाजवत होती. अंगणवाडीताईही दोन कडवी म्हणाली, म्हणून आम्हाला वाटले, चला, जमले.

पवनी हे वैनगंगेच्या काठचे गाव. जुना परकोट, दरवाजा, नदीवर घाट. नुसते फिरायला आलेला माणूस घाट बघून परत जातो. पण १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडीच्या पोटातून विटांचा मोठा स्तूप निघाला. मौर्य-सातवाहन काळातला. त्याभोवतीच्या दगडी कठड्याचे तुकडे निघाले आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे. राजाने बांधून दिले आणि प्रजेने हात जोडले, असे हे काम दिसत नाही. एकाने एक खांब दिला, दुसऱ्याने एक आडवा दगड दिला, अशी वर्गणी दोन हजार वर्षांपूर्वी पवनीत झाली. आमच्या वहीतले मावशीचे चार हप्ते आम्हाला तिथे आठवले.

पवनीच्या शिल्पांत मुचलिंद नागाचे शिल्प आहे आणि खाली त्याचे नावही कोरले आहे. बोधी मिळाल्यानंतर सात दिवस पावसाची झड लागली तेव्हा या नागराजाने तथागतांवर छत्र धरले, अशी कथा. फणा काढलेला साप बघून नमस्कार करणारे करोत. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी बौद्ध धम्म पसरवला हे सांगितले आहे, तेव्हा हा मुचलिंद आपल्याच आडनावाचा कोणी भला माणूस असावा असे आम्हाला तरी वाटते. शिवणकामवालीने विचारले, "सात दिवस नुसतं उभं राहून त्यानं काय केलं असन?" शिक्षिकाबाई म्हणाल्या, "काही नाही. उभा राहिला."

टेकडीवर त्रिसरण-पंचशील घेतले. एवढ्या मोठ्या ठेव्याची निगा बघून मात्र वाईट वाटते. गवत, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि पोरांना विचारले तर "थे टेकडी आहे" एवढेच उत्तर. पवनीत राहणाऱ्या आपल्या तरुणांनी महिन्यातला एक रविवार तिथे दिला तरी खूप होईल.

तिथून रुयाडला गेलो. भदन्त संघरत्न मानके यांच्या पञ्ञा मेत्ता संघाने उभारलेला महासमाधीभूमी महास्तूप इथे आहे. फेब्रुवारीतल्या धम्ममहोत्सवाला पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा मात्र गर्दी नव्हती. फरशी थंड, आत शांतता, बाहेर शेतात तूर उभी. मावशी अर्धा तास डोळे मिटून बसली. आम्हाला वाटले ध्यान लागले, तर ती झोपली होती. शिदोरी तिथेच बाहेर झाडाखाली सोडली. लाखोरीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी, भाकरी आणि शिक्षिकाबाईंच्या घरची सांबारवडी. अंगणवाडीताईने एक वडा अर्धा खाल्ला आणि बाकीचा कागदात गुंडाळून ठेवला.

मग गोसेखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचे भूमिपूजन झाले. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढे हजारांच्या गोष्टी झाल्या, २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि त्याची कथा विदर्भाला तोंडपाठ आहे. ३३ दरवाजे, अडीच लाख हेक्टरांच्या सिंचनाचे उद्दिष्ट. भिंतीकडे बघितले की छाती दडपते, हे खरे. आमच्यातल्या दोघींनी फोटो काढले. आम्हीही काढला. कोणीतरी म्हणाली, "ताई, ये नं, तू मंधात उभी राह्य." ती आली नाही. ती धरणाच्या भिंतीकडे पाठ करून गाडीत जाऊन बसली होती.

ऊन लागले असेल, असे आम्ही एकमेकींना सांगितले. खरे काय ते आम्हाला तेव्हाच कळले होते. पण आंभोरा पुढे होता आणि दिवस लहान होता.

आंभोरा हे वैनगंगा, कन्हान, आंब अशा पाच नद्यांच्या संगमाचे ठिकाण मानतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे, मुकुंदराजाचा विवेकसिंधू इथे रचला गेला असे मानणारे आहेत. आता तिथे पाण्याचा समुद्रच झाला आहे, कारण धरणाचे पाणी इथवर मागे भरते. २०२४ मध्ये तारांवर तोललेला नवा पूल खुला झाला आणि नागपूर-भंडाऱ्याकडची गर्दी लोटली. कणसे, भेळ, फुगे, फोटो. उतरत्या उन्हात तो पूल आणि ते पाणी इतके देखणे दिसत होते की मावशी "अगं माय" एवढेच म्हणाली आणि चप्पल हातात घेऊन पोरीसारखी उतारावरून चालू लागली.

बोटवाल्याने सांगितले, ही शेवटची फेरी, यानंतर अंधार होईल. सहा जागा आहेत, या लवकर. तिकिटाचे पैसे आमच्या हातात होते. केशरी जाकिटे घातली जात होती. तेवढ्यात अंगणवाडीताई काठावरच्या एका दगडावर बसली आणि म्हणाली, "मी नाही येत. तुमी जा. मी सामान पायतो."

"अगं, सामान गाडीत आहे," शिवणकामवाली म्हणाली.

"तरी पायतो."

तिने पाण्याकडे हात केला. समोर, जरा डावीकडे, जिथे पाण्यावर नुसते ऊन चमकत होते, तिथे. "थ्या अंगाले आमचं गाव होतं," ती म्हणाली, "अन् तुमी म्हणता त्याच्यावरून फिरू."

कोणी काही बोलले नाही. बोटवाला इंजिनाची दोरी धरून उभा. आता इथे खोटे लिहिण्यात अर्थ नाही. आमच्यात लगेच एकमत झाले नाही. शिवणकामवाली चिडली. तिचे म्हणणे असे की, ताईला यायचेच नव्हते तर आधी नीट सांगायचे, सहा महिन्यांत एकदा घराबाहेर पडतो आपण, नवऱ्याची बोलणी खाऊन निघालो, आता इथवर येऊन तोंड पाडून परत जायचे काय. हे ती ताईच्या समोरच बोलली. शिक्षिकाबाई म्हणाल्या, दहा मिनिटांची तर फेरी आहे, जाऊन येऊ आणि मग तिच्याजवळ बसू, दुःख काही दहा मिनिटांत पळून जात नाही. दोघींचेही अगदी चूक होते असे आम्हाला आजही म्हणवत नाही. आणि आम्ही? आमचा एक हात जाकिटात गेलेला होता. तो लगेच बाहेर आला नाही.

त्या क्षणी आठवली ती २००६ ची विजयादशमी. धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव. त्या वर्षी अशोक विजयादशमी २ ऑक्टोबरला आली होती. आम्ही पांढऱ्या साड्या नेसून, गाणी म्हणत, गर्दीतून दीक्षाभूमीवर गेलो. रात्रभर जागलो, पुस्तके घेतली, आयुष्यातला मोठा आनंद तो. आणि तीनच दिवस आधी, २९ सप्टेंबरला, आमच्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, भोतमांगे कुटुंबातली आई आणि तिची तिन्ही मुले मारली गेली होती. घरधनी भैयालाल तेवढे उरले, तेही २०१७ च्या जानेवारीत गेले. बातमी नीट कळायला आम्हाला कित्येक दिवस लागले. पुढे मोर्चे निघाले, त्यांत आम्ही होतो. पण त्या दीक्षाभूमीच्या रात्रीची गाणी आठवली की अजून कसेतरी होते. तेव्हा आम्हाला माहीत नव्हते, हे खरे आहे. आंभोऱ्याच्या काठावर मात्र माहीत होते, आणि जिचे दुःख ती दोन हातांवर बसलेली होती.

आम्ही जाकीट काढले. शिक्षिकाबाईंनीही काढले, जरा वेळाने. तेव्हा मावशीही जाकिटाची दोरी सोडू लागली. तेवढ्यात अंगणवाडीताईच उठली. "मावशी, तू जाय. चार हप्ते भरले तू. तू नाही गेली तं मले अजून लागन." मावशी "नाही नाही" करीत राहिली. तिने मावशीच्या जाकिटाची गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि तिला बोटीकडे लोटले. शिवणकामवाली आणि आमची कार्यालयातली मैत्रीण, दोघी मावशीच्या सोबतीने गेल्या. एकटी म्हातारी कशी पाठवायची, हे निमित्त होते की कारण होते ते त्यांचे त्यांना ठाऊक.

काठावर तिघी राहिलो. प्रथम आम्ही तेच केले जे सगळेच करतात. म्हणजे समजूत घातली. झाले ते झाले, नवीन गावठाणात पक्की घरे झाली, भावाला प्लॉट मिळाला, धरणाने शेती पिकेल. ती म्हणाली, "ताई, मले हे सारं माहीत आहे. हे सांगाले साहेब लोक येऊन गेले." मग आम्ही गप्प बसलो. गप्प बसल्यावर ती बोलू लागली.

गाव लहान होते. आपली तीसेक घरे. विहार लोकांनी स्वतः विटा पाडून बांधला होता. तिच्या आईने डोक्यावर माती वाहिली. उन्हाळ्यात नदी आटली की ढिवरांच्या डांगरवाड्या लागायच्या, रेतीत डांगर इतके गोड की लोक दुरून घ्यायला यायचे. डोंग्यात बसून पलीकडे जायला पैसे पडत नसत, धान पडत असे. वडील नदीकाठी जळाले, राख त्याच नदीत गेली. मोबदल्यासाठी भाऊ आणि आई कार्यालयांचे खेटे घालून घालून दमले. कागद पुरा झाला की साहेब बदलायचा. गाव उठले तेव्हा ही भंडाऱ्यात बाळंतीण होती. आईने विहारातली बुद्धमूर्ती मांडीवर घेतली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नवीन गावठाणात आली. मूर्तीला तडा जाऊ नये म्हणून सबंध वाट ती हलली नाही. हिने शेवटचे गाव पाहिलेच नाही. पोर महिन्याचे झाल्यावर आली तेव्हा पाणी भरले होते.

"आई रोज म्हणे, एक खेप मले थ्या पाण्यापाशी घेऊन चाल," ती म्हणाली. "मी म्हणो, सुट्टी मिळाली का नेतो. अंगणवाडीले सुट्टी कवा मिळते?"

एवढे बोलून ती रडली. डिसेंबरात आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती, पाहुण्यांचा चहा करत होती. शिक्षिकाबाईंनी तिला कुशीत घेतले. आम्हाला काही सुचले नाही, आम्ही तिची चप्पल पाण्यात जात होती ती ओढून बाजूला ठेवली.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी चार प्रकारचे खरे मित्र सांगितले आहेत आणि त्यांत सुखात व दुःखात सारखाच राहणारा हा एक आहे. विहारात वर्षावासात आम्ही हे सुत्त दरसाल वाचतो, वाचून दाखवायचे काम बहुधा आमच्याकडेच असते. त्या दिवशी मात्र एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. सुत्तात दुःखाबरोबर सुखही आहे. पाण्यावरून मावशीचे हसू ऐकू येत होते. मोठमोठ्याने, लहान पोरासारखे. ताईने डोळे पुसून तिकडे पाहिले आणि ती स्वतःच म्हणाली, "आयक, मावशी कशी हासते." आम्हाला त्या बोटीचा हेवा वाटत होता, हेही लिहून टाकतो.

बोट परत आली. शिवणकामवाली उतरली ती सरळ ताईकडे गेली, काही न बोलता तिच्या शेजारी बसली. तिने फेरीत तो डावीकडचा भाग टाळायला बोटवाल्याला सांगितले होते, हे आम्हाला मावशीकडून कळले. माफी वगैरे कोणी मागितली नाही. ताईने पिशवीतून सकाळचा अर्धा वडा काढला आणि दोघींनी मोडून खाल्ला.

त्यावर ताई म्हणाली की आईसाठी इथे दोन गाथा म्हणाव्यात. सहा जणींनी काठावर उभे राहून त्रिसरण म्हटले. मागे भेळवाल्याच्या गाडीवर मोठ्याने सिनेमाचे गाणे लागले होते. तो आमच्याकडे बघून आवाज कमी करील असे वाटले, त्याने केला नाही. त्याचाही धंद्याचा वेळ होता. ताईने ओंजळभर पाणी घेतले आणि परत सोडले.

पुलावर जायचे राहिले. दिवे लागले होते, खालून पाहिला. तीन जणींच्या बोटीचे पैसे वाचले ते वहीत शिल्लक दाखवले आहेत.

परतताना गाडीत अंधार होता. गाणी कोणी लावली नाहीत, पण मुद्दाम बंद ठेवली असेही नाही. ताईने मावशीला विचारले, "कशी होती गं बोट?"

मावशी जरा थांबली. मग खरे ते बोलली. "लय मजा आली बाई. पोटात असं व्हे."

"खाली काही दिसे काय?"

"नाही. पाणीच पाणी."

"उन्हाळ्यात पाणी उतरलं का आमच्या आंब्याचं खोड वरतं येते म्हणते भाऊ," ताई म्हणाली. "मे महिन्यात येऊ. थ्या टायमाले मी बसतो डोंग्यात."

शिवणकामवालीने लगेच विचारले, वर्गणी किती पडेल. आम्ही दिव्याखाली वही उघडली आणि मावशीचा पहिला हप्ता फेब्रुवारीत लिहून घेतला.